इंधनाचा भाव कीं उष्णतेचा भाव?
तेल व लांकडी कांड्या ह्यांवरील घरतापणीच्या खर्चाचा हिशेब

खताची गोणी घेतांना जाणता शेतकरी गोणीचा भाव विचारून थांबत नाहीं. अमोनियम सल्फेटमध्यें शेंकडा सुमारें २१ व युरियामध्यें शेंकडा ४६ नत्र असतें हें त्यास ठाऊक असतें. म्हणून गोणीचा भाव बाजूस ठेवून एक किलो नत्र कितीस पडलें तें तो काढतो. पेंड घेतांना, कडबा घेतांना, ऊंस घालतांनाहि हाच न्याय लागतो. पैसे वजनावर द्यावयाचे असले तरी आपणांस वजन नको असतें, त्याच्या पोटांतील सत्त्व हवें असतें. इंधनाच्या बाबतींत मात्र हा साधा न्याय पुष्कळदां विसरला जातो. एक इंधन लिटरवर विकलें जातें, दुसरें किलोवर, तिसरें सिलिंडरवर, चौथें विजेच्या युनिटवर. आणि विकणारा जो आंकडा पुढें करील त्यावर विश्वास ठेवून घेणारा मोकळा होतो.

ह्या लेखांत आम्ही इंधनाच्या तुलनेची रीत एका प्रत्यक्ष उदाहरणानें मांडणार आहों. उदाहरण दूरचें आहे, कारण घर तापविण्याची गरज आपल्या दख्खनच्या शेतकऱ्यास पडत नाहीं. परंतु ज्या देशांत ती गरज जीवनमरणाची आहे तेथें हा हिशेब घरोघर झालेला आहे व त्यांत झालेल्या चुकाहि स्पष्ट दिसतात. आतां शेतींतील टाकाऊ मालाचीं इंधनें आपल्याकडेहि विकलीं व विकत घेतलीं जाऊं लागलीं आहेत. अशा वेळीं दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकणें हें स्वतःच्या पैशानें शिकण्यापेक्षां स्वस्त पडतें.

१. मेन राज्याची परिस्थिति

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यांत मेन हें राज्य आहे. तेथें ऑक्टोबरपासून एप्रिलअखेरपर्यंत घर तापविल्यावांचून राहतां येत नाहीं. ऐन हिंवाळ्यांत घरांतील तापणी बंद पडली तर माणसांचे हाल होतात तें निराळेंच, परंतु नळांतील पाणी गोठून नळहि फुटतात. राज्याची सुमारें नऊ दशांश जमीन जंगलाखालीं आहे. क्षेत्राच्या मानानें इतकें जंगल त्या देशांतील दुसऱ्या कोणत्याहि राज्यांत नाहीं. उलट खनिज तेलाची एकहि विहीर किंवा तें शुद्ध करण्याचा एकहि कारखाना तेथें नाहीं. असें असूनहि इ. स. २०२० च्या सुमारास तेथील दर दहा घरांपैकीं सुमारें सहा घरें तेलावरच तापविलीं जात होतीं. दाराशीं लांकूड उभें असतांना चुलीसाठीं परमुलखांतून तेल आणावयाचें, असा हा प्रकार होता.

ह्यांत शेतकऱ्याचें आणखी एक दुखणें होतें. तेथील पुष्कळ खातेदारांजवळ शेताला लागून स्वतःचें रान असतें. त्यांतील सरळ व जाड ओंडके कापगिरणीस जातात. वांकडें, बारीक व हिणकस लांकूड कागदगिरण्या घेत असत. इ. स. २०१४ च्या अखेरीस बक्सपोर्ट येथील व २०१६ सालीं मॅडिसन येथील कागदगिरणी बंद पडली. इतर कांहीं गिरण्यांचीहि हीच गत झाली. हिणकस लांकडास गिऱ्हाईक उरलें नाहीं म्हणजे रानाची विरळणी परवडत नाहीं, आणि विरळणी न झालेलें रान चांगला ओंडकाहि देत नाहीं. म्हणून लांकडाच्या भुश्यापासून इंधन करण्याच्या धंद्याकडे तेथील रानमालक आशेनें पाहूं लागले. तेलाऐवजीं लांकडी कांड्या जाळणें परवडतें कीं नाहीं, हा प्रश्न तेथें नुसता चुलीचा राहिला नाहीं, रानाचाहि झाला.

२. कांडी म्हणजे काय

जनावरांच्या खुराकाची कांडी पेंड आपल्या वाचकांनीं पाहिलेलीच आहे. इंधनाची कांडी, जिला तिकडे पेलेट म्हणतात, ती दिसण्यांत तशीच असते. कापगिरणींतील भुसा व लांकडाचा चुरा वाळवून, दळून, पोलादी चाळणीसारख्या जाड साच्याच्या भोंकांतून मोठ्या दाबानें पिळून काढतात. दाबामुळें व घर्षणामुळें तो तापतो. लांकडांतच असलेलें लिग्निन नांवाचें द्रव्य मऊ होऊन भुसा एकजीव होतो व थंड होतांच कांडी कडक बनते. निराळा डिंक किंवा सरस घालावा लागत नाहीं. कांडीची जाडी सुमारें सहा ते आठ मिलिमीटर असते. अशा कांड्या घरगुती इंधन म्हणून करण्याचा उद्योग अमेरिकेंत १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्याच दशकांत सुरू झाला.

कांडीचे गुण दोन. पहिला गुण कोरडेपणाचा. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या आसपास पाणीच असतें. तें पाणी विकत घेतांना आपण लांकडाचे पैसे देतों, आणि जाळतांना त्याची वाफ करण्यांत पुन्हां उष्णता घालवितों. कांडींत पाणी शेंकडा दहाच्या आंत असतें. दुसरा गुण एकसारखेपणाचा. कांड्या धान्यासारख्या वाहतात. त्यामुळें त्या आपोआप शेगडींत पडतील असें यंत्र करतां येतें व आंच कमीजास्त करतां येते. दोष मुख्यतः एकच, परंतु मोठा: पाणी लागलें कीं कांडी फुगून पुन्हां भुसा होते. म्हणून तिची सांठवण धान्यासारखीच कोरडी लागते.

३. एका टनांत किती तेल

आतां हिशेबाकडे वळूं. मेनमध्यें तेल गॅलनवर व कांडी टनावर विकली जाते. तेथील गॅलन ३.७८५ लिटरांचा व टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारें ९०७ किलोंचा असतो, हें ध्यानांत ठेवावें. उष्णता मोजण्यास तेथें ब्रिटिश उष्णता-एकक वापरतात. एक पौंड पाणी फॅरनहाइटच्या एका अंशानें तापविण्यास लागेल तितकी उष्णता म्हणजे एक एकक.

एक गॅलन तेलांत सुमारें १,३८,५०० एककें उष्णता असते. एक टन कांड्यांत सुमारें १ कोटी ६५ लक्ष एककें असतात. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागिलें असतां ११९ येतात. म्हणजे एक टन कांड्यांच्या पोटांत सुमारें ११९ गॅलन तेलाइतकी उष्णता आहे. मेट्रिक मापानें सांगावयाचें तर एक लिटर तेल व दोन किलो कांड्या ह्यांचें बळ जवळजवळ सारखें. ही दुसरी गोष्ट तोंडपाठ ठेवण्यास सोपी आहे.

परंतु पोटांतील सर्व उष्णता घरास मिळत नाहीं. कांहीं धुराड्यावाटें जाते, कांहीं बंबाच्या अंगांतून उडते. चांगल्या स्थितींतील तेलाचा बंब शेंकडा ८५ व कांडीचा बंब शेंकडा ८० उष्णता घरास देतो असें धरूं. मग हिशेब असा होतो:

तेल, एक गॅलन: १,३८,५०० × ०.८५ = १,१७,७२५ एककें.
कांडी, एक टन: १,६५,००,००० × ०.८० = १,३२,००,००० एककें.
भागाकार: सुमारें ११२.

म्हणून ह्या घरापुरता एक टन कांड्या म्हणजे ११२ गॅलन तेल. हा एक आंकडा हातीं आला कीं बाकीचा हिशेब शाळकरी मुलासहि करतां येईल.

येथें एका फसगतीचा इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. जुना, काजळी धरलेला तेलाचा बंब शेंकडा ७० च उष्णता देत असेल, तर वरच्या रीतीनें एक टन कांडी १३६ गॅलन तेलाच्या बरोबरीची दिसूं लागते. कांडीचा बंब विकणारा हाच आंकडा दाखवील. परंतु त्यांतील मोठा भाग कांडीचा गुण नसून जुन्या बंबाचा अवगुण आहे. तोच शेतकरी तेलाचाच चांगला बंब बसवील, तर ७० चे ८५ होऊन तेलाचा खर्च शेंकडा १७ हून अधिक कमी होईल. म्हणून नव्याची तुलना नव्याशींच करावी. नवा बैल व म्हातारा बैल एका जुंवास जुंपून नांगराची परीक्षा होत नाहीं.

४. बरोबरीचा भाव

कांडीच्या टनाच्या भावास ११२ नें भागिलें म्हणजे तेलाचा बरोबरीचा भाव निघतो. बाजारांत तेल त्याहून महाग असेल तर कांडी परवडते. स्वस्त असेल तर तेल परवडतें.

कांडी टनास २४० डॉलर: तेलाचा बरोबरीचा भाव गॅलनास २.१४ डॉलर.
कांडी टनास ३०० डॉलर: बरोबरीचा भाव २.६८ डॉलर.
कांडी टनास ३६० डॉलर: बरोबरीचा भाव ३.२१ डॉलर.
कांडी टनास ४०० डॉलर: बरोबरीचा भाव ३.५७ डॉलर.

आतां हें कोष्टक हातीं घेऊन मागील कांहीं वर्षें पाहूं. इ. स. २००८ च्या उन्हाळ्यांत मेनमध्यें तेल गॅलनास साडेचार डॉलरांच्या वर गेलें. कोष्टकांतील सर्वांत महाग कांडीहि त्या भावापुढें स्वस्तच ठरते. लोकांनीं घाईघाईनें शेगड्या घेतल्या. कांड्यांची जागोजाग टंचाई पडली. पुढें तेल उतरत उतरत २०१६ च्या आरंभीं दोन डॉलरांच्याहि खालीं आलें. आतां तेंच कोष्टक पाहिलें तर २४० डॉलरांची स्वस्त कांडीहि तोट्याची दिसते. २००८ सालीं ज्यांनीं कर्ज काढून यंत्रें बसविलीं त्यांस आठ वर्षांच्या आंत आपण उगीच पैसे घातले असें वाटूं लागलें असल्यास नवल नाहीं. आणि २०२२ सालीं तेल पुन्हां पांच डॉलरांच्या वर चढलें. तेव्हां तेच लोक शहाणे ठरले.

ह्यावरून काय घ्यावयाचें? एका वर्षाच्या भावावरून दहा-वीस वर्षांच्या यंत्राचा निर्णय करूं नये, हें. कांद्याचा भाव चढला त्या वर्षीं सगळ्या गांवानें कांदा लावावा आणि काढणीच्या वेळीं भाव पडावा, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं.

कांडीचा भाव तेलाच्या मानानें स्थिर असतो असें सांगतात व पुष्कळ वर्षें तें खरेंहि आहे. कारण तिचा कच्चा माल जवळचा असतो व जगाच्या एका टोकास झालेल्या युद्धाचा धक्का त्यास लगेच बसत नाहीं. परंतु हाहि नियम पोलादी नव्हे. जर्मनींत २०२१ च्या आरंभीं कांडी टनास सुमारें २३० यूरो होती. युक्रेनच्या युद्धानंतर, २०२२ च्या सप्टेंबरांत, ती ७५० यूरोंच्या वर गेली. हा टन १,००० किलोंचा. म्हणजे एका लिटर तेलाइतक्या उष्णतेस दीड यूरो पडूं लागला. तेल व वायु महागले कीं सर्वांची धांव कांडीकडे लागते, आणि धांव लागली कीं कांडीहि महागते. एका इंधनाची दुसऱ्याशीं अशी गांठ बांधलेली असते.

५. यंत्राचा खर्च, व्याज व घसारा

इंधनाचा हिशेब झाला म्हणजे निम्मेंच काम झालें. वर्षास ८०० गॅलन तेल जाळणारें एक शेतघर धरूं. ११२ नें भागिल्यास त्यास ७.१४ टन कांड्या लागतील. कांडीचा भाव ३०० डॉलर धरला तर वर्षाचा खर्च २,१४२ डॉलर. आतां तेलाच्या तीन निरनिराळ्या भावांनीं पाहूं.

तेल २.०० डॉलर: तेलाचा खर्च १,६००, कांडी घेतल्यास वर्षास ५४२ डॉलर तोटा.
तेल ३.५० डॉलर: तेलाचा खर्च २,८००; वर्षास ६५८ डॉलर बचत.
तेल ४.५० डॉलर: तेलाचा खर्च ३,६००, वर्षास १,४५८ डॉलर बचत.

कांडीचा आपोआप चालणारा बंब व त्याची कोठी बसविण्यास तेलाच्या नव्या बंबापेक्षां १०,००० डॉलर अधिक लागले असें धरूं. यंत्राची सफाई, वीज व दुरुस्ती ह्यांसाठीं वर्षास १५० डॉलर अधिक. मग साडेतीनच्या भावानें निव्वळ बचत ५०८ डॉलर राहते व घातलेलें भांडवल फिटण्यास जवळजवळ वीस वर्षें लागतात. तोंवर यंत्रहि म्हातारें झालेलें असतें. शिवाय तें भांडवल शेंकडा पांच व्याजानें काढलेलें असेल तर वर्षाचें व्याजच ५०० डॉलर होतें. सगळी बचत सावकाराच्या घरीं गेली! साडेचारच्या भावानें मात्र निव्वळ बचत १,३०८ डॉलर होऊन पावणेआठ वर्षांच्या आंत भांडवल फिटतें. सरकारी अनुदानानें १०,००० चे ५,००० झाले तर हीं वर्षें निम्मीं होतात. अशा अनुदानाची सोय मेनमध्यें झालेली आहे. परंतु अनुदान वजा केल्यावरच जो व्यवहार परवडतो, तो अनुदान हातीं येण्यापूर्वीं करूं नये.

सर्व घराचा बंब न बदलतां मुख्य खोलींत कांडीची एक शेगडी ठेवणें हा मधला मार्ग आहे. शेगडीस सुमारें ४,००० डॉलर लागले व तिनें ८०० पैकीं ५०० गॅलन तेल वांचविलें असें धरलें, तर इंधनाची बचत साडेतीनच्या भावानें ४११ व साडेचारच्या भावानें ९११ डॉलर येते. भांडवल थोडें गुंततें, आणि मोठी गोष्ट ही कीं तेलाचा बंब जागेवरच राहतो. ज्या वर्षीं जें इंधन स्वस्त तें जाळावें. भाव असे उलटसुलट होत असतांना दोन्ही दारें उघडीं ठेवणाऱ्यास रात्रीं झोंप बरी लागते, असें आमचें मत आहे.

६. भावांत न दिसणाऱ्या बाबी

पहिली बाब मेहनतीची. ७.१४ टन कांडी म्हणजे ४० पौंडांचीं ३५७ पोतीं. प्रत्येक पोतें निदान दोनदां उचलावें लागतें. तरुण माणसास तें जड नाहीं. परंतु सत्तरीच्या जोडप्यास बर्फांतून तें वाहून आणणें होईल काय, हें आधींच पाहिलें पाहिजे. मोटारींतून नळीनें थेट कोठींत कांड्या भरून देण्याची सोय जेथें आहे तेथें ही अडचण राहत नाहीं.

दुसरी बाब जागेची. एक टन कांडीस सुमारें ५० घनफूट जागा लागते. वर्षाची बेगमी करावयाची तर ३५० घनफूट कोरडी कोठी हवी. तेलाची २७५ गॅलनांची नेहमींची टांकी तळघराच्या कोपऱ्यांत मावते.

तिसरी बाब सुरक्षिततेची. तेलाची टांकी गळली तर जमीन व विहीर दोन्ही नासतात. कांडीच्या कोठींत निराळा धोका असतो: सांठविलेल्या कांड्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सुटतो. त्यास वास नसतो. बंद कोठींत उतरून माणसें दगावल्याचीं उदाहरणें युरोपांत घडलीं आहेत. आपल्याकडे पेंवांत उतरण्यापूर्वीं तें उघडून हवा खेळूं देतात, तीच काळजी येथेंहि घ्यावी.

चौथी बाब विजेची. तेलाचा बंब व कांडीची शेगडी दोन्ही विजेवांचून चालत नाहींत. जानेवारी १९९८ मध्यें मेनमध्यें बर्फाचा मोठा वर्षाव होऊन विजेच्या तारा तुटल्या. अर्ध्याहून अधिक लोक अंधारांत व थंडींत सांपडले, व कित्येकांस वीज येण्यास दोन आठवडे लागले. तेव्हां ज्यांच्या घरीं साधी सरपणाची शेगडी होती त्यांचेंच घर ऊबदार राहिलें. स्वतःचें रान, कुऱ्हाड व सवड असणाऱ्या शेतकऱ्यास वाळलेलें सरपण हेंच अजूनहि सर्वांत कमी रोख पैशाचें इंधन आहे. मात्र हिशेब करतांना घरचें लांकूड व घरची मजुरी फुकट धरूं नये. तें लांकूड बाजारांत विकून जें मिळालें असतें, ती त्याची किंमत.

पांचवी बाब राखेची. सात टन चांगल्या कांडीची राख वर्षास ७० ते १४० पौंड निघते. तींत चुना व पालाश असल्यामुळें आंबट जमिनीस ती उपयोगी पडते. तेलाच्या बंबाची राख शेतास मिळत नाहीं.

आणि एक गोष्ट. अलीकडे ह्या दोघांच्या भांडणांत तिसरा गडी शिरला आहे. विजेवर चालणारा उष्णता-पंप बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून घरांत आणतो व एका युनिट विजेच्या बदल्यांत दोन-तीन युनिटांची उष्णता देतो. मेन राज्यानें २०१९ सालीं असे एक लाख पंप २०२५ पर्यंत बसविण्याचें ठरविलें होतें. तो आंकडा २०२३ मध्येंच गांठला गेला. त्याचाहि हिशेब वरच्याच रीतीनें करावा: एका युनिट विजेंत ३,४१२ एककें, त्यास पंपाच्या गुणकानें गुणावें, आणि भावानें ताडून पाहावें. इंधनें बदलतात, रीत बदलत नाहीं.

७. आपल्या शेतकऱ्यास ह्यांतून काय घेतां येईल

आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशांत कापसाची शेवटची वेंचणी झाल्यावर पऱ्हाट्या उपटून बांधावर जाळण्याची चाल आहे. गुलाबी बोंडअळीची वाढ थांबविण्यासाठीं त्या शेतांतून काढणें अवश्यच आहे. परंतु त्या जाळून टाकणें म्हणजे इंधन फुकट घालविणें होय. ह्या पऱ्हाट्यांपासून कांड्या व ब्रिकेट, ज्यांस बाजारांत पांढरा कोळसा म्हणतात, करण्याचें काम केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील केंद्रानें केलेलें आहे. इ. स. २०२१ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें कोळशावरील वीजकेंद्रांनीं कोळशाबरोबर कांहीं प्रमाणांत शेतमालाच्या कांड्या जाळाव्या असें धोरण ठरविलें. म्हणजे आपला शेतकरी ह्या बाजारांत विकणारा म्हणून उभा राहणार आहे, आणि गुऱ्हाळ, हॉटेल किंवा खानावळ चालवीत असल्यास घेणारा म्हणूनहि.

विकतांना ध्यानांत ठेवावयाचें तें हें. सुट्या पऱ्हाट्यांचें आकारमान मोठें व वजन थोडें, त्यामुळें गाडी भरलेली दिसते व वजन कांट्यावर कमी भरतें. वाहतूकच भाव खाऊन टाकते. कारखाना लांब असेल तर निदान तुकडे करून, पूर्ण वाळवून माल न्यावा. ओल्या मालाचा भाव घेणारा पाडून मागतो, आणि तें अन्यायाचें नाहीं, कारण तो पाण्याचे पैसे कां देईल? परंतु वाळलेल्या मालास जर ओल्याचाच भाव मिळत असेल तर तो अन्याय आहे, व तेथें ओलावा मोजून भाव ठरविण्याचा आग्रह गांवानें एकत्र मिळून धरावा. एकट्यादुकट्याचें तेथें कोणी ऐकत नाहीं.

घेतांनाचा हिशेब असा. स्वयंपाकाच्या वायूच्या एका किलोंत सुमारें ११,००० किलोकॅलरी व पऱ्हाटीच्या कांडीच्या एका किलोंत सुमारें ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. वायूची शेगडी शेंकडा ६० व कांडीची शेगडी शेंकडा ४० उष्णता भांड्यास देते असें धरलें, तर १९ किलोंच्या एका सिलिंडराचें काम करण्यास सुमारें ७८ किलो कांड्या लागतील. म्हणून सिलिंडरच्या किंमतीस ७८ नें भागावें. येणारा आंकडा हा कांडीचा बरोबरीचा भाव. कांडी त्याहून स्वस्त मिळत असेल तरच पुढें बोलावें, व मग शेगडीची किंमत, पंख्याची वीज, राख काढण्याची मजुरी आणि कांडी ठेवण्याची जागा हीं एकेक करून त्यांतून वजा करावीं. पऱ्हाटीची राख शुद्ध लांकडाच्या मानानें अधिक असते, हेंहि विसरूं नये. शेगडीचा गुणक ऐकीव घेऊं नये. एकाच भांड्यांत तेवढेंच पाणी दोन्हीं शेगड्यांवर उकळून व जळलेलें इंधन तोलून तो घरच्या घरीं पडताळतां येतो.

कांडी करण्याचें यंत्रच घेण्याचा मोह ज्यांस होईल त्यांनीं मेनच्या शेतकऱ्याचें कोष्टक पुन्हां एकदां पाहावें. भाव चढलेल्या एका वर्षावर भांडवलाचा निर्णय करूं नये. मंदीच्या वर्षाचा भाव धरूनहि व्याज निघतें कीं नाहीं तें आधीं पाहावें. कच्चा माल वर्षांतून कांहीं महिनेच मिळतो, यंत्राचें व्याज मात्र बाराहि महिने चालतें. आणि शेतांतला सर्वच पालापाचोळा विकून जमीन उघडी करूं नये. जो माल रोगकिडीसाठीं काढावाच लागतो तो विकावा. जो जमिनींत कुजून खत होतो तो जमिनीचाच आहे, व त्याची किंमतहि हिशेबांत धरली पाहिजे.

शेवटीं रीत थोडक्यांत पुन्हां सांगतों. प्रथम प्रत्येक इंधनाच्या मापांतील उष्णता लिहावी. तिला शेगडीच्या गुणकानें गुणावें. त्यावरून बरोबरीचा भाव काढावा. तो भाव एका वर्षाच्या नव्हे, तर चढत्या व उतरत्या दोन्ही वर्षांच्या बाजारभावाशीं ताडावा. मग यंत्राचें व्याज, घसारा, मजुरी व जागा वजा करावी. एवढें करून जें शिल्लक राहील तोच नफा. हा सर्व हिशेब पाटीच्या एका बाजूस मावतो. इंधन घेण्यापूर्वीं किंवा विकण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं एकदां तो करून पाहावा, आणि आपल्या गांवच्या भावाचे आंकडे घालून शेजाऱ्यासहि शिकवावा, एवढीच आमची विनंति आहे.